उसाच्या फडावरचा गुन्हा आणि माणसांची रीत



पुरुषोत्तमनगर हे उसावर उभे राहिलेले गाव. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शहादा तालुक्याचा सगळा दिनक्रम बदलतो. रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते, फडांच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्याच महिन्यांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ठरावीक बातम्या येऊ लागतात. उचल घेऊन टोळी पळाली. मुकादमाने वाहतूकदाराला लाखोंना गंडवले. कोपीवर दारूच्या नशेत मारहाण. मजुराला पैशांसाठी डांबून ठेवले. एकट्या नंदुरबारचे हे चित्र नाही. बीड, सोलापूर, कोल्हापूर, नगर, जिथे ऊस तिथे या बातम्या. त्या वाचून पुष्कळ सुशिक्षित माणसे एका वाक्यात विषय मिटवतात: ‘या लोकांचे असेच असते.’ त्या वाक्यात एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे, आणि मला तो चुकीचा वाटतो. त्याने माणसांचे नुकसान केले आहे, म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

सिद्धांत असा: काही समूहांची स्वतःची एक उपसंस्कृती असते, तिच्यात हिंसा, चोरी, नशा यांना मान्यता असते आणि मुलगा ती घरातच शिकतो. समाजशास्त्रात याला मोठी परंपरा आहे. अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या कामगार वस्त्यांमधल्या मुलांच्या टोळ्यांवर लिहिले. वोल्फगँग आणि फेराकुटी यांनी १९६७ मध्ये ‘हिंसेची उपसंस्कृती’ ही कल्पना मांडली. ऑस्कर लुईस यांनी दारिद्र्याचीच एक संस्कृती असते असे सांगितले. हे सगळे विचारवंत माणसांविषयी कळवळा असलेले होते. त्यांचे म्हणणे कचेऱ्यांत, पोलीस ठाण्यांत आणि आपल्या गप्पांत उतरले तेव्हा मात्र कळवळा मागे राहिला आणि ‘यांच्या रक्तातच आहे’ एवढेच पुढे आले. आपल्या देशात तर हे आधीच कायद्यात लिहून झाले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले. तो १९५२ साली रद्द झाला, पण नजर रद्द होत नसते.

मला याहून उपयोगी वाटतो तो थॉर्स्टन सेलिन. त्याचे संस्कृतिसंघर्ष आणि गुन्हा या विषयावरचे छोटे पुस्तक १९३८ साली आले. त्यात एक उदाहरण आहे. अमेरिकेत राहायला गेलेल्या एका सिसिलियन बापाने मुलीची अब्रू घेणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला ठार मारले, आणि पोलीस धरायला आले तेव्हा तो चक्रावून गेला. त्याच्या लेखी त्याने घराण्याची लाज राखली होती. सेलिन त्या बापाला सोडून द्या म्हणत नाही. तो एवढेच दाखवतो की दोन रीती एकमेकींना भिडतात तिथे गुन्हा दिसतो, आणि कोणत्या रीतीला कायदा म्हणायचे हे बळ ठरवते. उसाच्या फडाकडे या नजरेने पाहिले की पहिला प्रश्न बदलतो. या लोकांची रीत काय आहे, हे विचारण्याआधी फडाची रीत काय आहे, हे विचारावे लागते.

फडाची रीत उचलीपासून सुरू होते. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि पुढच्या हंगामाच्या कामावर पैसे देतो. हीच उचल. जानेवारी २०२४ मधल्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाले. समजा, एका जोडीने एक लाख उचलले. ती दिवसाला दोन टन तोडते, १२० दिवस एकही खाडा न करता. हिशेब होतो ८७,८४० रुपये. त्यातून आठवड्याला दोन हजारांची खर्ची धरली तर सतरा आठवड्यांचे ३४,००० गेले. उरलेल्या ५३,८४० रुपयांतून उचल फेडायची, म्हणजे हंगामाच्या शेवटी अंगावर ४६,१६० रुपये बाकी. यात कुणाला ताप आला नाही, गाडी फडात रुतली नाही, कारखान्याने तोड थांबवली नाही, असे धरले आहे. असा हंगाम कुठल्याही जोडीच्या नशिबी येत नाही. बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणूस तिच्यामागे जातो.

आता मुकादमाची वही पाहा. शाळेची शंभर पानी, तेलकट कव्हराची. प्रत्येक कोयत्याला एक पान. डाव्या बाजूला उचल, तिच्याखाली खर्ची, तिच्याखाली दवाखाना, मोबाइलचे रिचार्ज, आणि अधूनमधून नुसता ‘खा’. हा ‘खा’ म्हणजे खाडा. काम बुडाले त्या दिवसाची मजुरी तर मिळत नाहीच, वर दंड लागतो. उजव्या बाजूला टनांचे आकडे, तेही मुकादमाच्याच अक्षरात. काटा कारखान्यावर, पावती गाडीवाल्याकडे, वही मुकादमाकडे. ज्याने ऊस तोडला त्याच्या हातात कागदाचा कपटाही नसतो. या वहीत मजुराची सही कुठेच लागत नाही, अंगठा लागतो तो फक्त उचलीला. फडावरच्या गुन्ह्यांविषयी ज्याला खरेच समजून घ्यायचे आहे त्याने पोलीस ठाण्याच्या डायरीआधी ही वही वाचावी.

खाड्याचा दंड आपल्याकडच्या मुकादमांनी शोधून काढला असे कुणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. तिथे नियम असा होता की एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. ‘डबल कट’ म्हणत त्याला. १८६७ च्या कायद्याने मजुराच्या खिशात पास हवा असे ठरवले. पासाशिवाय मळ्याबाहेर सापडला की तो भटक्या आणि गुन्हेगार. आडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यांच्याच वर्तुळातल्या माणसाने मजुरांच्या बाजूने अर्ज केला, १८७२ साली राजआयोग आला, आणि भटकेगिरीच्या नावाखाली किती माणसांना विनाकारण तुरुंगात टाकले हे त्याच्या अहवालात नोंदले गेले. त्या काळी मॉरिशसमध्येही म्हणत, हिंदी कुली मुळातच पळपुटा आणि लबाड.

इकडे हिंदुस्थानात १८५९ चा तेरावा कायदा होता. उचल घेऊन काम सोडले तर मॅजिस्ट्रेट मजुराला कामावर परत जायला लावी, न गेल्यास कैद. आसामच्या चहामळ्यांनी तो मनसोक्त वापरला. शेवटी १९२५ साली कायदे मंडळाने तो काढून टाकला. काम सोडणे हा दिवाणी प्रश्न झाला, गुन्हा राहिला नाही. कागदावर शंभर वर्षे होऊन गेली. तरी आजही उचलीवरून पळालेल्या टोळीवर फसवणुकीचे कलम लागते. आधी भारतीय दंड संहितेचे ४२०, आता भारतीय न्याय संहितेचे ३१८. काही प्रकरणांत फसवणूक खरीच असते. दोन-तीन मुकादमांकडून उचल घेऊन एकाकडेही न जाणारे लोक आहेत, आणि कर्ज काढून उचल वाटणारा वाहतूकदार त्यात देशोधडीला लागतो. त्याचे दुःख मी लहान मानत नाही. पण फसवायच्या हेतूने घेतलेले पैसे आणि न फिटणारे पैसे यांत कायद्याने फरक केला आहे. तो फरक पाहायला हंगामाच्या घाईत कुणाला वेळ नसतो.

उलट, ज्याला डांबून ठेवले त्याच्या बाजूचे कायदे सगळे जागेवर आहेत. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ पासून आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाचे हिंडणे-फिरणे आणि दुसरीकडे काम करणे अडवले तर ती वेठबिगारी, आणि ते कर्जच संपुष्टात येते असे तो म्हणतो. सक्तीची मजुरी हा वेगळा गुन्हा आहे. ही कलमे ऊसतोडीच्या प्रकरणात लागलेली आपण किती वेळा वाचली?

आपल्या नंदुरबारच्या माणसांच्या बाबतीत यात आणखी एक वळण आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरातली टोळी बार्डोलीकडे, सुरतेच्या कारखान्यांकडे जाते. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बार्डोलीच्या फडांवर याचा अभ्यास केला. त्यांना दिसले की तिथल्या हळपती शेतमजुरांना गावातच काम हवे असताना कारखाने खानदेशातून कोयते आणतात. बाहेरचा माणूस रात्रीही हाकेला येतो, त्याला गावात कुणी सोयरा नसतो, भांडायला जागा नसते. जो मुद्दाम परका म्हणून आणला, तो गावात चोरी झाली की पहिला संशयित होतो, कारण तो परका असतो. हा उलटा फास आहे. फडावरच्या माणसाची प्रतिमा फडाच्या गरजेने घडवायची आणि तीच पुन्हा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडायची.

आणि होळी. सातपुड्यात होळीला काय मोल आहे हे इथे सांगायची गरज नाही. भोंगऱ्या बाजार भरतात, काठीची राजवाडी होळी पेटते, बुध्या आणि बावा सजतात. ज्याने पाळणी धरली आहे त्याने होळीला घरी असायलाच हवे. नाहीतर ते व्रत मोडते आणि त्याचा दोष सगळ्या घराला लागतो. फडावर मात्र त्याच दिवसांत तोडीची सर्वांत मोठी घाई असते, उन्हाने उसाचे वजन घटत असते. टोळी रात्रीत उठते आणि निघते. वहीत त्या पानावर लिहिले जाते: ‘पळाले.’ देवाच्या बोलावण्याला गेलेला माणूस परत येतो तो आरोपी होऊन. इथे खरोखर संस्कृती आणि गुन्हा यांचा संबंध आहे. सेलिन म्हणतो तोच, दोन पंचांगांच्या भिडण्याचा. चार दिवसांची होळीची सुटी करारात घातली आणि येण्याजाण्याचे भाडे ठरवले, तर पळण्याचे एक मोठे कारण जाग्यावर नाहीसे होईल. काही शहाण्या मुकादमांना हे केव्हाच कळले आहे.

दारूचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. मोहाची दारू भिल्ल-पावरा समाजात देवाला धार पाडण्यासाठी लागते, जन्माला लागते, मरणाला लागते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर घरी गाळणे गुन्हा झाले आणि ठेकेदाराच्या भट्टीवरची विकत घेणे कायदेशीर. तेव्हापासून आदिवासीची दारू दोन ठिकाणी विभागली: एक देवाची, चोरून गाळलेली, दुसरी ठेकेदाराची, उधारीची. फडावर दिसते ती दुसरी. दिवसभर मोळ्या वाहून, रात्री अकराला गाडी भरून, पहाटे चारला पुन्हा उठायचे असते अशा शरीराला ती विकली जाते, आणि तिचे पैसे खर्चीतून कापले जातात. कोपीवरची मारहाण, क्वचित खून, याच्यातून होतात. मार बहुतेक वेळा बाईच्या अंगावर पडतो.

दारूच्या या व्यवहाराविरुद्ध इथल्याच माणसांनी जे केले ते वाचताना मला नेहमी अभिमान वाटतो. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेत आणि खानदेशात देवीची चळवळ पसरली. देवी अंगात आलेली माणसे सांगू लागली की दारू-ताडी सोडा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. १९३८ मध्ये, म्हणजे सेलिनचे पुस्तक निघाले त्याच साली, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी सोमवारची आरती सुरू केली. एकमेकांना ‘आप’ म्हणा, आंघोळ करा, दारू सोडा, चोरी करू नका. हजारो आदिवासी जमत. ज्यांना सरकारी कागद बेशिस्त म्हणत होते, त्या समाजाने कुणी बाहेरचा शिकवायला न येता स्वतःला शिस्त लावून घेतली होती. पैकी किती टिकली हा वेगळा प्रश्न. पण ‘यांच्या संस्कृतीतच आहे’ म्हणणाऱ्याने हेही त्याच संस्कृतीत आहे हे विसरू नये.

मग १९७० चे दशक. इथे समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात या काळाच्या आठवणी आहेत, आणि त्या एकसारख्या नाहीत हे मी जाणतो. शेत राखणाऱ्याला त्या दिवसांत खरी भीती होती. तरी १९७१ च्या मे महिन्यात म्हसावदजवळच्या पाटीलवाडीला जे घडले ते गुन्हा म्हणजे काय या प्रश्नाच्या मुळाशी जाते. भुकेचे दिवस होते. धान्यासाठी आदिवासींचा जमाव गेला. त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणूस मेला. एका बाजूने त्याला दरोडा म्हटले, दुसऱ्या बाजूने भूक. शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या आणि त्यांचे रखवालदार याच काळात वाढले. शेतातली कणसे, गवताचा भारा, यांवरून पकडणे आणि दंड करणे चालू झाले. एकेकाळी जी जमीन आपल्या बापाची होती, तिच्यातले गवत कापले म्हणून चोर ठरायचे, हे ज्याला भोगावे लागते त्याच्या मनात ‘चोरी’ या गोष्टीचा अर्थ आपल्यासारखा राहत नाही. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज पुढे होते, मग श्रमिक संघटना उभी राहिली, बाहेरून आलेले कुमार शिराळकर, विजय कान्हेरे यांच्यासारखे तरुण आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथले तरुण एकत्र आले.

त्या चळवळीतला माझ्या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुरुषांनी केला नाही. १९७३ च्या सुमारास महिला शिबिरे झाली. बायका मजुरीच्या दरावर बोलायला बसल्या आणि बोलू लागल्या नवऱ्याच्या मारावर. मग त्या उठल्या आणि दारूच्या गुत्त्यांवर गेल्या, मडकी फोडली. एका गावातून दुसऱ्या गावात हे पसरले. बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभे करून माफी मागायला लावली. या बायका शिकलेल्या नव्हत्या, कायदा त्यांना माहीत नव्हता. आपल्या रीतीतले कोणते आपले आणि कोणते गुत्तेवाल्याचे, एवढे त्यांना स्वच्छ कळले. पण त्यांनी गुत्त्यावर थांबून नवऱ्यांना सोडून दिले नाही. मारणे हे नवऱ्याचे होते आणि ते त्यांनी नवऱ्याच्याच पदरात टाकले. उपसंस्कृतीवर मी जेवढे वाचले आहे, त्यात इतके नेमके विश्लेषण मला सापडलेले नाही.

याच कसोटीवर दोन गोष्टी तपासू. पहिली बालविवाह. ऊसतोड मजुरांत मुलींची लग्ने लवकर होतात आणि ती ‘परंपरा’ म्हणून नोंदली जातात. आदिवासी रीतीत तरुण-तरुणी पळून जातात, पंच बसतात, देज ठरते. ती रीत जुनी आहे, आणि आज दवाखान्यात मुलीचे वय सतरा निघाले की मुलावर पोक्सोचा गुन्हा होतो. पण बीडपासून इथपर्यंत फडावर जे दिसते ते त्याहून निराळे आहे. मुकादमाला जोडी हवी. अर्ध्या कोयत्याला उचल कमी. पोरगा सोळाचा झाला की त्याला जोडीदारीण हवी, आणि कोपीत एकटी तरुण मुलगी ठेवायची भीती तिच्या आईला असते. हे लग्न पुरोहिताने लावलेले असो की पंचांनी, त्याचा मुहूर्त फडाने काढलेला असतो. मुलीला शिक्षण आणि हंगामी वसतिगृह मिळाले, एकट्या माणसाला पुरी उचल मिळाली, तर ही परंपरा किती उरते हे पाहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट डाकीण. इथे मी फडाला दोष देऊन मोकळा होणार नाही. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारण्याच्या, गावाबाहेर काढण्याच्या घटना घडतात, आणि त्यात आपलाच शेजारी, आपलाच भाऊबंद हात उचलतो. तरी जलपायगुडीच्या चहामळ्यांवर सोमा चौधुरी यांनी केलेला अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथल्या झारखंडी मजुरांत डायनीचा संशय मळ्यावरच्या ताणाशी, आजारपणाशी, दवाखान्याच्या अभावाशी, मजुरीच्या असहायतेशी कसा जोडलेला आहे हे त्यांनी दाखवले. जो मालकाला विचारू शकत नाही तो शेजारणीला विचारतो, तूच खाल्लेस ना माझे मूल. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, आसामने २०१५ मध्ये विधेयक मंजूर केले. कायदा हवाच. पण मूल तापाने का मेले याचे खरे उत्तर त्या रात्री पाड्यावर कुणी देऊ शकला तर बाईचा जीव वाचतो.

चहामळ्यांवरून आठवले. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर, सिंकोना यांच्या मालकांवर घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर देण्याची जबाबदारी टाकली. ती किती पाळली जाते यावर रान उठवता येईल, पण जबाबदारी लिहिलेली तरी आहे. उसाचा मळा त्या यादीत नव्हता. शेत शेतकऱ्याचे, ऊस कारखान्याचा, मजूर मुकादमाचा. या तिघांत मजुराचा मालक कोण हे ठरत नाही म्हणून कोपीला पाणी कुणी द्यायचे हेही ठरत नाही. दवाखाना, शाळा, पहारा, भांडण मिटवणारा, यांपैकी काहीच नसलेल्या वस्तीत पाच महिने राहून भांडण झाले तर त्याला वस्तीची संस्कृती म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या गावात सहकाराने उभा केलेला कारखाना आहे, म्हणून इथे मागणे सोपे आहे. सभासद आपणच आहात. काट्यावरची पावती मजुराच्या हातात दुसरी प्रत म्हणून पडली पाहिजे. आज मोबाइलवर ती पाठवायला काही खर्च नाही. खाड्याचा दंड करारात बेकायदा ठरवा. होळीची सुटी करारात लिहा. आणि पोलीस ठाण्यात बसलेल्या आमच्या अधिकारी मित्रांना एक विनंती. उचल बुडवल्याची तक्रार घेऊन कुणी आला की त्याला तीन गोष्टी आधी विचारा: किती टन तोडले त्याचा कागद कुठे आहे, खर्चीतून किती कापले, आणि टोळी निघून गेली त्या दिवसाची तारीख काय. तारीख होळीच्या आठवड्यातली निघाली तर कलम लिहिण्याआधी त्या माणसाच्या गावच्या कारभाऱ्याला एक फोन करा. तो माणूस कुठे आहे, आणि पाळणी सुटल्यावर कधी परत येणार आहे, हे बहुतेक वेळा तो तुम्हाला सांगेल.